सातव्या भागात पाहुणा येत नाही

२ तारीख, सोमवार

सामान लागलं एकदाचं. नवं घर तळमजल्यावर आहे, म्हणजे बाबांना जिन्याची कटकट नाही, आणि हॉलची खिडकी एवढी ऐसपैस की सकाळपासून ते तिच्यापाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची हजेरी घेतायत. आमची हातांची जुनी खुर्ची कुठेच मावेना, शेवटी दाराजवळ ठेवली. येताजाता गुडघ्याला लागते, पण ती टाकायची म्हटलं की बाबा रुसतात.

फार दिवसांनी मन हलकं आहे. नोकरीही आजच सुरू झाली. वर्तमानपत्र बंद पडल्यावर चित्रपटांवर लिहिणाऱ्या बाईला कोण विचारणार, असं मी धरूनच चालले होते, तर एका वेबसाइटने घरबसल्या काम दिलं. तिथल्या संपादिकेला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाई फोनवर म्हणाल्या, पहिलं काम मजेचं देते. ‘पाहुणा’ मालिकेतले नऊच्या नऊ भयपट बघायचे आणि टाकाऊपासून उत्तमापर्यंत क्रम लावायचा. यातला पहिला ताईने आणि मी लहानपणी उशीच्या आडून पाहिला होता.

ही वही ताईनेच दिलीय. म्हणाली, बाबांचं सगळं एकटी करतेस, कोणाशी बोलत नाहीस, निदान लिहीत तरी जा. तर लिहिते. बाबांना आजचा वार आठवत नाही, जेवले की नाही ते आठवत नाही, पण मला ओळखतात. अजून ‘ठमे’ म्हणूनच हाक मारतात. ज्या दिवशी ती हाक बंद होईल त्या दिवसाची मला भीती वाटते, बाकी कशाची नाही.

४ तारीख, बुधवार

तीन झाले. प्रत्येक भागाचा साचा तोच. तपकिरी कोट घातलेला एक गृहस्थ दारात येतो. कोणीतरी ‘या, बसा’ म्हणतं. तो टोपी मांडीवर ठेवून दाराजवळच्या खुर्चीत बसतो आणि म्हणतो, मी बसतो, तुमचं चालू द्या. मग घरातलं माणूस त्याच्यासाठी पाणी आणायला आत जातं आणि परत येत नाही. मग दुसरं जातं. घर रिकामं होईपर्यंत हे चालतं. बघणाऱ्याला तिसऱ्या मिनिटाला कळतं ते त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

पहिला भाग खरंच चांगला आहे. दुसऱ्यात पाहुण्याची चिकटवलेली हनुवटी मधूनच सुटते आणि नट ती हाताने दाबून धरत पुढचं वाक्य म्हणतो. तिसऱ्यात त्याचं लग्न होतं आणि बायको त्याच्याहून जास्त बसते.

बाबा सगळे माझ्याबरोबर बघतायत. त्यांना पाहुणा फार आवडलाय. आयुष्यभर दारात आलेल्या कोणालाही त्यांनी उभं ठेवलं नाही, मीटर बघायला आलेल्यालासुद्धा आधी बसवायचे. आता पडद्यावर दार वाजलं की हे पलंगावरून म्हणतात, या, बसा. प्रत्येक वेळी. मी हसून हसून बेजार.

८ तारीख, रविवार

थकले. चौथा हॉटेलात घडतो, तिथे यजमान कोण याचा घोळ दिग्दर्शकालाच सुटलेला नाही. पाचव्यात पाहुणा अंतराळयानाचं दार वाजवतो. सहावा रंगीत चष्मा लावून बघायचा होता, चष्मा नसल्यामुळे प्रत्येकाला दोन दोन नाकं. आठवा पाचव्याचीच नक्कल. नववा अलीकडचा, त्यात पाहुणा तरुण आणि देखणा आहे आणि त्याला दुःख आहे.

मधेमधे बाबांचं आंघोळपाणी, गोळ्या, चादरी बदलणं. दुपारी जरा पाठ टेकावी तर ते उठून दार उघडून उभे. एक माणूस चोवीस तास दुसऱ्यावर डोळा ठेवू शकत नाही, हे ताईला फोनवर कसं समजवायचं.

सातवा राहिलाय. नाव ‘घरचे’. वाचकांनी जिथे तिथे लिहून ठेवलंय की यात पाहुणा येतच नाही, काहीच घडत नाही, झोप येते. झोप मला तशीही येतेय. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि कोणी कबूल करत नाही: न बघताच त्याला नववा, म्हणजे शेवटचा क्रमांक दिला. चार टोमणे मारले, त्यातला एक बरा जमला. ‘पाहुण्यालासुद्धा या घरात बसवलं नाही, तर प्रेक्षकाने का बसावं?’ पाठवून दिलं.

११ तारीख, बुधवार

लेख लागला. बाई खूश आहेत, तो टोमणा त्यांनी मथळ्यात घेतला.

आज दुपारी मला गाढ झोप लागली. जागी झाले तेव्हा बाबा शांतपणे पलंगावर बसून कोणाशी तरी गप्पा मारत होते. कोण आलं होतं विचारलं तर म्हणाले, ते गृहस्थ. दारात उभे होते, मी बसवलं. फार सभ्य आहेत, काही मागत नाहीत. मी म्हटलं, बरं झालं. दार आतून लावलेलं होतं.

१३ तारीख, शुक्रवार

गृहस्थ काल आले, आजही आले, असं बाबा म्हणतात. त्यांच्याशी बोलताना बाबा उठून भटकत नाहीत, गोळ्याही कुरकुर न करता घेतात. मी दोन्ही दुपारी झोपले. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. नसलेल्या माणसाने का होईना, कोणीतरी बाबांजवळ बसतंय.

संध्याकाळी बाबा म्हणाले, त्यांची हनुवटी जरा सुटलीये गं ठमे, डिंक आहे का घरात?

दुसऱ्या भागाचंच त्यांच्या डोक्यात बसलंय. दुसरं काय असणार.

१४ तारीख, शनिवार

खुर्चीवर टोपी होती. तपकिरी. मी उचलली नाही. पलंगाची चादर घडी करून परत येईपर्यंत नव्हती.

ताईला फोन केला. ती म्हणाली, झोप काढ, मी पुढच्या आठवड्यात येते. तिचंही बरोबर आहे.

१६ तारीख, सोमवार

आज मी त्याला पाहिलं. भर दुपारी, खिडकीतून ऊन येत असताना. पाय जुळवून बसलेला. हनुवटीच्या कडेला वाळलेला डिंक दिसत होता. ते बघून हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मी विचारलं, काय पाहिजे. तो म्हणाला, मी बसतो, तुमचं चालू द्या.

बाबा मागून म्हणाले, ठमे, त्यांना पाणी विचारलंस का? आणि उठायला लागले.

मी त्यांना धरून बसवलं. स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. पाण्याचं भांडं पलंगाशीच आणून ठेवलंय. आम्ही दोघांनीही आत जायचं नाही. बाबा रागावले, म्हणाले, घरी आलेल्याला पाणी नाही, ही कुठली रीत? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर त्यांनी कोणाशी असं केलं नव्हतं.

१७ तारीख

तो जात नाही. आता मी जागी असतानाही बसलेला असतो. शेजारच्यांना बोलावलं, त्यांना रिकामी खुर्ची दिसली आणि त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. खुर्ची बाहेर टाकायला गेले, उचलली जाईना.

सगळे भाग परत लावले, त्याला घालवतात कसं ते कुठेतरी असेल म्हणून. पहिला. दुसरा. अंतराळातला. आठपैकी एकाही भागात तो नाही. दार वाजतं, कोणी ‘या, बसा’ म्हणतं, आणि खुर्ची रिकामी. आठ घरांतली माणसं रिकाम्या खुर्चीकडे बघून हसतायत. गेलेली परत मात्र आलेली नाहीत.

उरला तो मी न बघितलेला.

१८ तारीख

‘घरचे’ बघितला. खुर्चीतल्या त्याच्याकडे पाठ करून, बाबांचा हात हातात धरून, शेवटच्या पाटीपर्यंत.

एक बाप आहे आणि त्याची मुलगी. ती त्याची नखं कापते. तो जेवलो नाही म्हणतो, ती जेवलात म्हणते. गोळीवरून वाद होतो. दाराजवळ खुर्ची आहे, तिच्यावर कोणी येऊन बसत नाही. संध्याकाळी तो तिला तिच्या लाडक्या नावाने हाक मारतो आणि ती ओ देते. संपला.

मी रडले. याला मी शेवटचा नंबर दिला. काहीच घडत नाही म्हणून.

बाईंना लिहिलं, सातवा वर घ्या, पहिला, नऊ भागांत तो सर्वांत सुंदर आहे. त्या म्हणाल्या, वाचक वेड्यात काढतील. मी हातापाया पडले. करते म्हणाल्या.

१९ तारीख

गेला!

खुर्ची रिकामी. हलवून बघितली, हलते. बाई म्हणाल्या, सकाळीच बदललं. बाबांना विचारलं, गृहस्थ कुठे गेले. म्हणाले, घरी गेले असतील, त्यांनाही घर असेलच की.

आणि मग म्हणाले, ठमे, भूक लागली.

जिवात जीव आला. आज झोपणार आहे मी. फक्त एवढं लिहून. पाठ एवढी दुखतेय की जवळ होती त्या खुर्चीतच टेकले.

नंतर

डोळा लागला होता. बाबा समोर उभे होते. माझ्याकडे बघून हसले. ते ओळखीचं हसू नव्हतं. दारात आलेल्या कोणाहीसाठी ठेवलेलं, सभ्य.

म्हणाले, तुम्ही कधी आलात?

मला. तुम्ही.

बाबा, मी ठमी, असं म्हणायला तोंड उघडलं —

म्हणाले, बसा, बसा, उठू नका. उन्हातून आलात. पाणी आणतो.

स्वयंपाकघराचं दार उघडल्याचं ऐकलं. मी उठतेय. मी उठतेच आहे. पाय जुळलेले आहेत, सुटत नाहीत. हात तेवढा चालतो —

नळ सुरू झाला. भांडं भरून वाहतंय, एवढा वेळ लागत नाही भांड्याला —

बाबा, पाणी नको. बाबा, इकडे या. हाका मारतेय, पोटातून मारतेय, पण ओठांवर दुसरंच येतंय, पुन्हा तेच, मी बसते, तुमचं चालू —