बिल्ल्यावरची पहाट

१२ मार्च
होस्टेल, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार लिहिला तर तू हसशील, म्हणून नुसतीच आठवण. मी मजेत आहे. वहिनीची शाल खोलीतल्या मैत्रिणीनं बळकावली. चिमणीचा हलणारा दात पडला का? पंख्यांचे दिवस आले, म्हणजे दुकानात तुला जेवायलाही सवड नसेल.

तू नेहमी म्हणतोस, ओळखीशिवाय कुणी दारात उभं करत नाही, आणि आपली ओळख कुठेच नाही. तर ऐक. परवा कॉलेजात ‘ओळखीची संध्याकाळ’ झाली. बाहेर नोकरी-धंदा करणारी माणसं येतात, आम्ही त्यांच्याशी बोलायचं. गेल्या वर्षी सगळी मुलं पालीसारखी भिंतीला चिकटली होती. म्हणून यंदा आमच्या वर्गाच्या बाईंनी शक्कल लढवली. बिल्ल्यावर नाव, मार्क, हुद्दा काही नाही. आयुष्यात ज्याच्याकडे टक लावून बघत बसलो, ते एकच लिहायचं. पाहुण्यांनीसुद्धा!

एका टायवाल्या गृहस्थांच्या छातीवर ‘उकळतं दूध’. मला हसू आवरेना. पण माणसं खरंच आपणहून जवळ येत होती. दिवे मंद, खिडक्या उघड्या, सगळे हळू बोलत होते. मला तर झोपेत चालल्यासारखं वाटत होतं.

मी ‘पहाट’ लिहिलं होतं.

‘सावल्या’ लिहिलेल्या एक बाई थांबल्या. “कुठली गं पहाट?”

“आमच्या खोलीतली. मी तापानं महिनाभर अंथरुणात होते. दादा चादरीमागे बॅटरी धरून माझ्यासाठी पहाट करायचा. आधी निळा कागद, मग वरून हळूच केशरी.”

किती वेळ बोललो कोण जाणे. त्या नाटकांची प्रकाशयोजना करतात. म्हणाल्या, “सोमवारपासून ये, हाताखाली शीक.” मी तरंगतच होते. मग त्यांनी सहज विचारलं, “तो निळा कागद पुरता काढायचा का गं?”

“नाही. डाव्या कोपऱ्यात थोडा ठेवायचा.”

बाई खालीच बसल्या.

दादा, इतका वेळ दाताचं आणि शालीचं लिहीत बसले, कारण हे लिहायला हात धजत नव्हता. ज्यांचा विषय निघाला की तू ताटावरून उठतोस, त्या याच. नाटकातली तुझी पहाट त्यांनी स्वतःच्या नावावर खपवली, आणि तू रंगभूमी सोडून पंखे दुरुस्त करायला बसलास. निळा कोपरा ऐकून त्यांनी तुझं नाव घेतलं, तेव्हा मला कळलं.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “त्याला सांगायला तोंड नाही.”

मी म्हटलं, “येईन. पण जिथे ती पहाट होईल, तिथे बाहेरच्या पाटीवर दादाचं नाव. तुमच्या आधी.” त्यांनी लगेच मान डोलावली.

तुला न विचारता हो म्हटलं. मला हे काम फार हवंय, दादा. रागाव, पण इथे येऊन समोर रागाव. पुढच्या महिन्यात प्रयोग आहे. दुसऱ्या अंकात पहाट होते. कागद मी सरकवणार आहे, आणि निळा पुरता काढणार नाही.

पाटी वाचूनच आत ये.

तुझी,
अजून चादरीच्या या बाजूला बसलेली,
छोटी