रतनचे कर्ज फिटल्यावर

मी, मुक्ताबाई अंबाजी गराडे, वय सत्तावन्न, धंदा शिवणकाम, राहणार वडगाव मावळ, पुढील व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. डोळे अधू झाले म्हणून मी सांगते आणि कोर्टाबाहेर अर्ज लिहिणारे सीतारामभाऊ लिहितात.

१. दोन खोल्यांचे राहते घर माझ्यामागे माझी एकुलती मुलगी रतन हिला मिळावे. या घरावर आता कसलाही बोजा नाही. तो कसा होता आणि कसा उतरला, हे तिला कळावे म्हणून सांगते.

रतन मॅट्रिकला तालुक्यात पहिली आली. पुण्याच्या कॉलेजसाठी सरकारी कर्ज-शिष्यवृत्ती मिळाली, पण जामीन हवा होता. धाकटे दीर भिमाजी म्हणाले, "पोरीच्या शिक्षणाला जामीन राहायला मी काय येडा हाय?" मग मी हे घर तारण लिहून दिले. तीन वर्षांचे एकवीसशे रुपये झाले. शेवटच्या वर्षी, १९६६ साली, ती दोन विषयांत नापास झाली; आता नोकरी कुठली आणि फेड कुठली, असे मला वाटले. मी दारात उभी राहून चार लोकांत म्हणाले, "तुझ्यापायी घर गेलं माझं." ती म्हणाली, "कर्ज फिटल्याबिगर मी हितं येणार न्हाई." तिने पाणीही घेतले नाही.

हप्ता पंचवीस रुपयांचा. शाळेचे गणवेश शिवून मला महिना ऐंशी-नव्वद मिळत. हप्ता आधी, किराणा नंतर. पुढची खोली सायकल दुकानाला दिली आणि दुपारी चूल पेटवायचे सोडले. चौऱ्याऐंशी हप्ते भरले. सप्टेंबर चौऱ्याहत्तरला कर्ज फिटल्याचा दाखला मिळाला.

एक गोष्ट लपवायची नाही. रतनने जळगावहून वीस रुपयांच्या अकरा मनीऑर्डरी केल्या होत्या. पहिलीवर लिहिले होते, "आई, तू बरी आहेस का, एवढंच कळव." राग होता, मी कळवले नाही. ते पैसे हप्त्यातही भरले नाहीत, छपराला कौले घातली. मनीऑर्डरी थांबल्या तेव्हा पत्र टाकले, ते परत आले. मग जळगावला गेले. ती ज्या शाळेत काम करीत होती, तिथली शिपाईण म्हणाली, "त्या बाई नोकरी सोडून गेल्या. फार शांत होत्या. आई वारली म्हणून सांगायच्या." मी कोण, हे मी तिला सांगितले नाही. तशीच परतीच्या गाडीत बसले.

२. शिवणयंत्र, कात्र्या आणि इस्त्री आंबी गावच्या नंदाबाईला द्यावी. ती माझ्याकडेच शिकली. काज अजून वाकडे करते.

३. भिमाजींना काही नाही. त्यांनी खांदा द्यायला यावे, नाही आले तरी चालेल.

४. पोस्टातील दोनशे दहा रुपयांतून माझे क्रियाकर्म साधेपणाने करावे. उरतील त्यातून पुण्याच्या आणि जळगावच्या वर्तमानपत्रात छापावे: रतन, कर्ज फिटले. चूक माझी होती.

५. माझ्यामागे पाच वर्षांत रतन आली नाही तर घर कोणाला, असे सीतारामभाऊंनी विचारले. मी म्हटले, जागा कोरी ठेवा. ते म्हणाले, "मावशी, कोरी ठेवता येत न्हाई." तर मग घर भाड्याने द्यावे आणि त्या भाड्यातून तालुक्यातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीची फी भरावी. तिच्याकडून काही लिहून घेऊ नये. नापास झाली तरी भरावी. हे सर्व सीतारामभाऊंनी पाहावे.

साक्षीला घरचे कोणी नाही. किराणा दुकानदार विठ्ठल आले. दुसरे कोणी सुचेना, म्हणून रस्त्याने जाणाऱ्या टपालवाल्या सोपानला हाक मारली. मजकूर ऐकून तो म्हणाला, "मावशी, उद्यापासनं टपाल नसलं तरी मी हाक मारून जात जाईन." ही बाब मृत्युपत्रात घालायची नसते म्हणे. मी घालायला लावली.

हे सर्व मला वाचून दाखवले. बरोबर आहे.

मुक्ताबाई अंबाजी गराडे (सही)

साक्षीदार: विठ्ठल बाबूराव शेळके (सही)
सोपान धोंडू असवले, टपालवाला (सही)

वडगाव मावळ, ता. १८ नोव्हेंबर १९७५