मोठ्या रस्त्याने

प्रिय युनशू,

फोन बिघडलाय असा निरोप तुला पाठवला होता, तो खोटा. फोन धडधाकट आहे, कपाटात बंद करून ठेवलाय. हे पत्र तुझी मावसबहीण श्याओछिन हातोहात देईल. वाचून झालं की जाळ.

गव्हाची पेरणी उरकली त्या आठवड्यात गावचे पक्षसचिव काओ आजारी आईला बघायला आले. हातात सफरचंदांची पिशवी, बोलणं अगदी गोड. अंगणात मला म्हणाले, "काका, काकूंचं काही बरंवाईट झालं तर मागच्या शेतवाटेने न्या. अंत्ययात्रेत बँड नको, क्रॉस नको. चादरीखाली लपवलात तरी तुमच्या देवाला दिसेलच की!" आई आतून ऐकत होती. आवाज उरला नव्हता, तरी ओरडली, "चाळीस वर्षं त्या मोठ्या रस्त्याने कोबी विकायला गेले. आता देवाकडे जाताना चोरासारखी जाऊ? क्रॉस पुढे, मी मागे. ऐकलंत ना हो?" ते शेवटचं मला होतं. मी हो म्हणालो. काओ दारापर्यंत गेले नि वळून म्हणाले, "पोरगी सरकारी शाळेत शिकवते ना? तिथे धर्मवाले चालत नाहीत. सांभाळा."

तू शिक्षिका झालीस तेव्हा आईने अख्ख्या गल्लीला डंपलिंग खाऊ घातले होते. तिला दिलेला शब्द मोडवेना, तुझी नोकरी घालववेना. तीन दिवस हेच घोळवत बसलो. चौथ्या दिवशी कचेरीत जाऊन लिहून दिलं: मुलीशी सात वर्षं संबंध नाही, ती आमचा धर्म मानत नाही. खाली सही केली, वर लाल शाईचा अंगठाही उठवला. कागदाची घडी घालत काओ म्हणाले, "मग आता तसं दिसायलाही हवं, काका." म्हणून तुला बोलावलं नाही. आई रोज विचारायची, "युनशू कधी येतेय?" मी म्हणायचो, "परीक्षा आटोपल्या की." पुढे पुढे विचारेनाशी झाली, नुसती दाराकडे बघायची.

गुरुवारी सकाळी ती गेली, पोरी. शनिवारी तिला मोठ्या रस्त्याने नेलं. क्रॉस मी धरला. शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. बँडवाले घाबरून आलेच नाहीत, तेव्हा बायकांनी मोठमोठ्याने जपमाळेच्या प्रार्थना म्हटल्या. लहानपणी तुला "ए आमेन!" म्हणून चिडवणारा टोफूवाला लू, त्याने टोपी काढली आणि थोडं अंतर आमच्या मागे चालला. काओ कचेरीच्या पायरीवरून मोबाइलवर चित्रण करत होते. अडवलं नाही. त्या चित्रणात तू नाहीस, एवढंच मी साधलं.

पण आईपासून तिची लेक मी तोडली, आणि तुझ्या वतीने देवाला नाकारायचा मला काय अधिकार होता? हे एकट्याने पेलवत नाही, म्हणून लिहितोय. मला माफ करता येईल का, बघ. इतक्यात येऊ नकोस. कुणी विचारलं तर खुशाल सांग, "मला बाप नाही." रडशील तेव्हा दार लावून घे. मी भर रस्त्यात रडलोय, तुझ्या वाटचंही.

तुझाच,
बाबा