दूरचा दवाखाना

पुणे, ५ जानेवारी २०२५

ती. सोमामामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहायला तुमची बोटं जाड पडतात, म्हणून हे पत्र. भिवंडीत चौतीस वर्षं यंत्रमागांची जॉबरकी करून लूमच्या खडखडाटाला कान देऊन बसलेला माणूस पत्राला उत्तर तरी देतो. इथल्या मैत्रिणी नुसता अंगठा पाठवतात.

माझ्या पीएच.डी.चा विषय तुम्ही दिवाळीत दोनदा विचारलात आणि दोन्ही वेळा मी टाळलं. आता सांगते. कापडाला भाव असतो. पण दवाखान्यात अर्धा तास कमी बसावं लागणं, नेहमी तोच डॉक्टर भेटणं, धूर नसलेली हवा, यांना बाजारात भाव नाही. मग लोकांना यातलं काय किती हवं आहे ते मोजायचं कसं? आम्ही त्यांच्यापुढे दोन कल्पित दवाखाने ठेवतो. एकात एक गोष्ट बरी, दुसऱ्यात दुसरी. त्यांनी एक निवडायचा. माणूस काय घेतो यापेक्षा त्यासाठी काय सोडतो, हे आम्ही पाहतो.

अशी नऊ कार्डं सोबत आहेत. शेलारमध्ये बारा जणांवर करून बघाल का? सातव्या कार्डाकडे नीट लक्ष द्या. पहिला दवाखाना चालत दहा मिनिटांवर, अर्धा तास बसावं लागतं, डॉक्टर नेहमी तोच. दुसरा एसटीने तासभर, तीन तास बसावं लागतं, डॉक्टर दर वेळी नवा. औषध दोन्हीकडे तेच आणि फुकट. दुसरा कोणी घेणार नाही. लोक लक्ष देऊन उत्तरं देतात की नाही, एवढंच पाहायला ते कार्ड आहे. जो दुसरा घेईल त्याची सगळी उत्तरं बाद करायची, असा आमचा नियम.

मामीचे गुडघे कसे आहेत? फोन केला की ती बरे आहेत म्हणते आणि ठेवून देते.

माया कमी होऊ देऊ नका.
तुमची, धम्मा


शेलार, १४ जानेवारी २०२५

चि. धम्मदिना हिस मामाचा जयभीम व पुष्कळ आशीर्वाद.

काम झालं. राकेशच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि येईल त्याला विचारलं. मी हळू आवाजात विचारत होतो, असा माझा समज होता. पण दुसऱ्या कार्डाला रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्याने तिथूनच उत्तर दिलं. मग त्यालाही धरला. मला ऐकू यावं म्हणून तेही ओरडून सांगत होते. तासाभरात बारा जण झाले, वर वीसेक जण ऐकायला.

सातव्या कार्डाला बाराच्या बारा जणांनी पहिला दवाखाना घेतला. राकेश म्हणाला की अर्ध्या तासात नंबर लागणारा दवाखाना कुठे आहे तेवढं सांगा, टपरी बंद करून आत्ता जातो. एका यूपीवाल्या कारागिराने विचारलं की चाचा, इन दोनों में से बननेवाला कौन सा है. मी सांगितलं, कोणताच नाही. तो म्हणाला, फिर ठीक है, पहला लिख दो. रामू दोन्ही मागत होता. दटावल्यावर पहिल्यावर आला.

तेव्हा लोक शहाणे आहेत, असं तुझ्या मॅडमना कळव.

तुझ्या मामीचं काही कळत नाही. ऑक्टोबरपासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी वज्रेश्वरीला जाते. कुंडाच्या गरम पाण्याने गुडघे मोकळे होतात म्हणते. सकाळची गेलेली दुपार टळल्यावर येते. मला तर गुडघ्यात फरक दिसत नाही. दिवाळीपासून झोपते पण स्वयंपाकघरात, खिडकी उघडी टाकून. या थंडीत. कोंडल्यासारखं होतं म्हणे.

तुझं पत्र वाचून झाल्यावर तिने मला खुणेनं सांगितलं की शेजारच्या विनिताने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं. मी मनात वाचत होतो, असं मला वाटत होतं.

खुशाल असावं आणि आम्हाला विसरू नये.
सोमामामा


पुणे, २० जानेवारी २०२५

ती. मामांस सविनय जयभीम.

पत्र वाचून खोलीतल्या सगळ्या हसल्या. राकेशदादांचं उत्तर मी माझ्या गाईडना, निवेदिता मॅडमना सांगितलं. आमच्या विभागातलं आजवरचं सर्वात शहाणं उत्तर तेच, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पण मामा, ती मोजणी धरता येणार नाही. चूक माझी. बारा जणांनी एकमेकांसमोर ओरडून दिलेली उत्तरं ही बारा उत्तरं नव्हेत. माणूस वीस जणांसमोर काय निवडतो, हे त्यातून कळतं. मला तो एकटा असताना काय निवडतो ते हवं आहे.

पुन्हा कराल? नऊ नकोत, फक्त सातवं. बारा चिठ्ठ्या पाठवते. त्याच माणसांना द्या, कुणी नाही म्हणालं तर दुसरं माणूस घ्या. त्यांनी घरी जाऊन एक किंवा दोन लिहायचं, नाव घालायचं नाही, घडी करून डब्यात टाकायचं. तुम्ही काही विचारू नका. खरं तर बोलूच नका.

तुमची आज्ञाधारक नसलेली,
धम्मा


शेलार, १ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मदिना हिस अनेक आशीर्वाद.

चिठ्ठ्या सोबत आहेत. मोजून बघ. मी तीनदा मोजल्या. पाच जणांनी पहिला घेतला, सात जणांनी दुसरा.

हीच माणसं. टपरीवर छाती काढून पहिला म्हणणारी. फक्त रामू गावी गेला म्हणून त्याच्या जागी तुझ्या मामीला धरलं. आधी नको म्हणाली. मग चिठ्ठी लिहून टाकली.

मी दोन दिवस याच विचारात आहे. कापडात एक तार चुकली तर डाग पडतो, तो दिसतो. सात तारा चुकल्या तर ती चूक नसते, कुणीतरी तशी मांडणी केलेली असते. यात काहीतरी मांडणी आहे. तासभर एसटी आणि तीन तास बाक कोण मुद्दाम मागून घेईल? या सातांना मी शोधून काढणार. नावं नसली तरी अक्षरं आहेत. एकाने लाल पेनने लिहिलंय, तिथून सुरुवात करतो. राकेश म्हणाला की चाचांना चौकशी दिली तर उद्यापर्यंत सगळं भिवंडी जागं होईल.

मामीचं वज्रेश्वरी मी बंद केलं. पाणी तापवायला रॉड आणला. बादलीत पाय घालून घरीच बस म्हटलं. परवाच्या सोमवारी जायचं नाही. ती काही बोलली नाही. तशी ती कधीच काही बोलत नाही. की बोलते आणि मला ऐकू येत नाही, देव जाणे. देव मी मानत नाही, बोलायची सवय आहे.

शरीराला जप. तुझाच,
सोमामामा


अंबाडी, ३ फेब्रुवारी २०२५

धम्मा पोरी, मामीचा जयभीम.

तुझ्या मामाने तुला चिठ्ठ्या पाठवल्या. त्यातली लाल पेनाची माझी हाय. ती फाडून टाक आणि त्यांना लिही की चौकशी करू नका. ते ऐकतील तर तुझंच.

मी वज्रेश्वरीला जात न्हाय. अंबाडीच्या पुढच्या सरकारी दवाखान्यात जाते. मला टीबी झालाय. गोळ्यांचा चौथा महिना संपला, दोन राहिलेत. नाव माझंच हाय, पत्ता माझ्या बहिणीचा, तुळजाचा दिलाय, म्हणजे चौकशीला कोण आलं तर तिच्याकडे येतं. आज भांडून आले. गोळ्या परवापर्यंतच्याच उरल्या होत्या.

तू म्हणशील जवळ का न्हाय गेलीस. जवळच्या बाकावर बसले की उजवीकडे विनिता, डावीकडे शाळेतल्या पोरांच्या आया. मी त्या शाळेत खिचडी शिजवते. माझ्या हातचं खायचं का न्हाय हे एकदा ठरून झालंय. कामाला लागले तेव्हा दोन घरांनी पोरांबरोबर डबे पाठवले होते. का ते तुला सांगायला नको. सात वर्षांत ते डबे बंद झाले. आता त्यांना नवं कारण द्यायचं न्हाय. पहिले दोन महिने मी गुडघ्याचं सांगून सुट्टी घेतली, डॉक्टरने आता कामाला हरकत न्हाय म्हटल्यावरच चुलीपाशी गेले. म्हणजे कुणाचं वाईट केलं न्हाय.

तिथं डॉक्टर दर वेळी नवा असतो. मला कोण ओळखत न्हाय. तीन तास बसते, बरं वाटतं.

मामाला का न्हाय सांगितलं, तर कसं सांगू? त्यांना सांगायचं म्हणजे ओरडायचं. चाळीत भिंती कसल्या ते तुला ठावं हाय. लिहून द्यावं तर ते मोठ्याने वाचतात. किती वेळा कागद घेतला आणि ठेवला.

हे पत्र वाचून फाड. जेवत जा.
कौसल्यामामी


पुणे, १० फेब्रुवारी २०२५

प्रिय मामीस,
जयभीम आणि घट्ट मिठी.

हे तुळजामावशीच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे घरात त्याचं वाचन होणार नाही.

तुझं पत्र फाडलं. चिठ्ठी नाही फाडली. ती कुणाची हे मी कुणालाही सांगणार नाही. पण त्या सात चिठ्ठ्या बाद करायच्या नाहीत, असं मॅडमशी बोलून ठरलं. चूक लोकांची नव्हती, माझ्या कार्डाची होती. मी अंतर लिहिलं, वेळ लिहिली, डॉक्टर लिहिला. तिथे आपल्याला कोण ओळखतं, ही ओळच नव्हती. ज्याला मी तोटा म्हणून मांडलं, त्यासाठीच लोक एसटीत बसतात, हे मला एम.ए.पर्यंत कुणी शिकवलं नाही.

आता रागावू नकोस. एका गोष्टीत मी तुझ्या बाजूला नाही. मामा चार महिने तुझ्याबरोबर एका घरात आहेत. त्यांची तपासणी व्हायलाच हवी. तिथे नक्की तुला विचारलं असणार की घरात कोण कोण आहे, आणि तू तुळजामावशीचं घर सांगितलं असणार. मावशीची तपासणी झाली आणि मामांची राहिली. शिवाय गोळ्या एक दिवसही चुकता कामा नये, आणि दर महिन्याला तू त्यांच्याशी किती भांडणार?

मी सांगू शकते. पण माझं पत्रही ते मोठ्यानेच वाचतील. म्हणून सांगायचं तुलाच आहे. मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत थांबते. त्यानंतर मी रजा काढून येईन आणि त्यांना घेऊन जाईन, मग तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. खरं तर चालणार नाही.

मामांना चौकशीचं लिहिते आहे. नियमात बसत नाही, असं कळवते. नियम म्हटलं की ते थांबतात.

तुझी, धम्मा


शेलार, १९ मार्च २०२५

चि. धम्मदिना हिस मामाचा जयभीम.

आधी हे की माझा थुंकीचा आणि छातीच्या फोटोचा रिपोर्ट काल आला. काही नाही. तुझ्या मामीचं वजन दोन किलोने वाढलं. हे पत्र मी तोंड मिटून लिहितो आहे. तुझं उत्तर वाचायला ओढ्यापलीकडे जाईन, तेव्हा बिनधास्त लिही.

पहिल्या सोमवारी सकाळी तिने माझा चांगला शर्ट काढून ठेवला. खुणेनं सांगितलं की चला. मला वाटलं, कुंडावर नेऊन गुडघे दाखवणार. अंबाडी गेल्यावर तिने मला एका दवाखान्यापाशी उतरवलं. व्हरांड्यात पन्नासेक माणसं होती. तिने केसपेपर काढला, मला बाकावर बसवलं, स्वतः डाव्या बाजूला बसली, कारण तो कान थोडा चालतो. आणि ओरडली.

धम्मा, बत्तीस वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. तिने सांगितलं की मला टीबी झालाय, पाच महिने गोळ्या खाल्ल्या, एकच महिना राहिलाय, आता तुमची तपासणी करायची आहे. सगळा व्हरांडा आमच्याकडे बघत होता. मी तिला हात केला की हळू. ती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली की इथं आपल्याला कोण ओळखत न्हाय.

समोरच्या म्हातारीने तिला विचारलं की ह्यांना आत्ताच सांगतेस होय. मामी हो म्हणाली. म्हातारी माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, ते मामीने मला सांगितलं नाही.

मी विचारलं की खिडकी त्यासाठी होती का. हो म्हणाली. रॉड आणून मला का अडवलंत म्हणून बोलली. मी रडलो नाही, असं लिहिणार होतो. लाल पेनाची चिठ्ठी तिचीच निघाली. बाकीच्या सहा चिठ्ठ्यांचं मी कुणाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

टीबीचं बोलून पाच-सात मिनिटांत झालं. नंबर यायला अडीच तास होते. पण ती थांबली नाही. माझ्या थोरल्या भावाने लग्नात काय म्हटलं होतं ते सांगितलं. ते मला आजवर माहीत नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे असं मी रोज खुणेनं सांगतो, ते मीठ कमी नसतं, असं सांगितलं. तिची आई गेली त्या दिवशी मी ड्युटीवर का गेलो, ते विचारलं. मी उत्तर दिलं. तेही मोठ्याने गेलं असणार. लोक आता बघत नव्हते, ज्याचं त्याचं बोलत होते. घरच्या भिंतींमुळे किती वर्षं तिने काय काय पोटात ठेवलं, ते ती एकामागून एक काढत होती. मी बहुतेक सगळं ऐकलं. जे ऐकू आलं नाही ते पुन्हा सांगायला लावलं.

नर्सने आमचा नंबर पुकारला, तो मला कळला नाही. मामीला कळला. तिने वळून बघितलं आणि मागच्या बाईला हाताने सांगितलं की तुम्ही जा आधी.

जिव्हाळा ठेवावा.
सोमामामा