मिशन हॉलचं दार पहिल्यांदा कुणी उघडलं

७ सप्टेंबर १९८०, रविवार
उपासनेनंतर पाळकसाहेबांनी जाहीर केलं. मिशन हॉलला नोव्हेंबरात पन्नास वर्षं होतात, पुस्तिका काढायची. इतिहास लिहिणार सुलभाबाई. टाळ्या. मीही वाजवल्या. दोन.

सुली म्हणजे मंडळीची लाडकी. बी.ए. बी.एड., हायस्कूलात मराठी शिकवते, अक्षर मोत्यासारखं. कबूल. पण हॉलचे पडदे मी धुते. संडे स्कूल इतकी वर्षं मी घेते. आणि दर वर्धापनदिनाला दाराचं जुनं कुलूप मी उघडते, कारण पहिल्या दिवशी ते माझ्या आईनं उघडलं होतं. पा. साहेब नगरकडून तीन वर्षांपूर्वी आलेले. त्यांना हे कोण सांगणार.

वांग्याची भाजी करपली.

१० सप्टें., बुध.
हॉस्पिटलातून येते तर सुली दारात, हातात वही. "तूच सांग वं कुमुद. मले फक्त हॉस्टेलच्या भिंती आठवतात." चहा दिला. बिस्किटं डब्यातच राहू दिली.

सांगितलं सगळं. मिशनच्या गोऱ्या मिसबाईंनी कोष्ट्याचं घर घेतलं, मागाचे खड्डे बुजवले, तोच हॉल. तिसऱ्या बाकाखाली फरशी अजून खचते ती त्यामुळे. आईचं सांगितलं तेव्हा सुली लिहायची थांबली. म्हणाली, "ताराबाईनं दार उघडलं, हे पयल्याच पानावर पाह्यजे." मग, "माझी आई बी असन ना तिथं? तुझ्या आईनं काही सांगतलं होतं?"

नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. सुलीची आई, राहेलबाई, हैज्यानं गेल्या तेव्हा ही दीड वर्षाची होती. मीच जेमतेम तीन.

२१ सप्टें., रवि.
पा. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, सुलभाबाईंनी हॉलला बोलतं केलं. माहिती कुणी दिली ते राहिलंच.

जळते मी तिच्यावर. इथं लिहायला काय लाज. आजचं नाही हे. रविवारी सकाळी हॉस्टेलच्या मुली हॉलवर यायच्या, आई आधी सुलीला पुढ्यात घ्यायची. तेल, फणी, दोन वेण्या, रिबनी. मग मी. तोवर घंटा व्हायची आणि माझी एकच वेणी व्हायची, घाईची. माझ्या लग्नात सुली गायली तर वऱ्हाडी महिनाभर त्या गाण्याचंच बोलत होते. नवरी कुणाच्या लक्षात नाही.

५ ऑक्टो., रवि.
सुलीला माझ्या आईचं गाण्यांचं पुस्तक हवंय, पुस्तिकेत फोटो टाकायला. ट्रंक काढली. पुस्तकाला आईनं जाड कापडी कव्हर शिवलेलं. उसवलेल्या कडेतून काहीतरी घसरलं.

फोटो. हॉलचं दार. दारात एक बाई, कडेवर पोर, उजव्या हातात उघडलेलं कुलूप वर धरलेलं. हसतेय. तिच्या मागं, कडेला, निम्मी कापली गेलेली माझी आई. हातात चहाची किटली.

मागं आईचं अक्षर: "राहेल. हॉल उघडला तो दिवस. सुलीच्या लग्नात तिला द्यायचा."

सुलीचं लग्न झालंच नाही.

६ ऑक्टो., सोम.
वॉर्डात ड्यूटीवर दोनदा चुकीच्या पेशंटच्या कॉटशी गेले.

आई कधीच म्हणाली नव्हती, दार मी उघडलं. म्हटलं मी. ती गेली त्या वर्षी हॉलमध्ये तिच्याबद्दल साक्ष द्यायला उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं. किल्ली कायम तिच्या कमरेला, मग दारही तिनंच उघडलं असणार. कुणी अडवलं नाही. पुढल्या वर्षी कुलूप माझ्या हातात दिलं. आता वाटतं, राहेलबाई गेल्यावर किल्ली तिच्याकडे आली असेल.

आणि फोटो जपला तो सुलीसाठी. कव्हरात शिवून. मला काय जपून ठेवलं होतं? शोधलं. सगळी ट्रंक शोधली.

१९ ऑक्टो., रवि.
गाण्यांचं पुस्तक दिलं. कव्हर काढून.

सुली म्हणाली, "मिसबाईची पेटी उघडली वं, सारे फोटो उदईनं खाल्ले. एक तरी भेटला असता. आईचं तोंड कसं होतं, मले मालूमच नाही. आरशात पाह्यतो अन् अंदाज करतो."

मी म्हटलं, वाळवी वाईटच.

२ नोव्हें., रवि.
गांधीबागेत दिवाळीची गर्दी, कापडाच्या गाठींच्या हातगाड्या हॉलच्या दारापर्यंत. उपासनेला उशीर झाला. सुलीनं जागा धरून ठेवली होती, शेजारी. का एवढी चांगली वागते ही माझ्याशी.

१६ नोव्हें., रवि.
प्रुफं आली. पहिल्या पानावर आई. सुलीनं वाचून दाखवलं. इतकं सुरेख लिहिलंय आईबद्दल, तेलाचं, फणीचं, मांडीत घेतल्याचं. "मले आई मिळाली ती या दारात," असं शेवटी. माझे डोळे भरले आणि रागही आला. माझ्या आईबद्दल हे मला लिहिता आलं नसतं.

उद्या छपाईला जाणार. सुली म्हणाली, "काही चुकलं असन तर आत्ताच सांग."

ठीक आहे म्हटलं.

३० नोव्हें., रवि.
झाला वर्धापनदिन. फोटो बायबलात घालून नेला होता. का, ते

दारासमोर सगळी मंडळी. पा. साहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी सुलीला म्हटलं, तू उघड. लोक बघत राहिले. ती हळूच म्हणाली, "काहून वं?" म्हटलं, हात दुखून राहिला.

कुलूप जड आहे, पटकन निघत नाही. निघालं तसं तिनं ते हातात वर धरलं आणि मागं वळून हसली. तिचा आरशातला अंदाज बरोबर आहे.

चहा वाटायला मी गेले. किटली आपणहून उचलली.

सगळे म्हणाले, कुमुदताईंचं मन मोठं. पुस्तिका हातोहात गेल्या. पहिल्या पानावर आई आहे, छापलेली.

१ डिसें., सोम.
सुली बुधवारी येते, गाण्यांचं पुस्तक परत द्यायला. बिस्किटं आणलीत.

फोटो टेबलावर ठेवलाय. पालथा, आईचं अक्षर वर. सकाळपासून दोनदा उचलून ट्रंकेत ठेवला, दोनदा परत काढला. आत्ता टेबलावर आहे. बुधवारला दोन दिवस आहेत आणि मी मला ओळखते.