डावखुरा आणा, कोणालाही द्या

१२ मे, रविवार
शुक्रवारपासून बेसबॉलचा सीझन. यंदा स्टँडमधून ओरडायचं नाही. मॅनेजरला फोन करायचा नाही. आमच्या गावची टीम, हेरन्स, हरली तर राग जेवणावर काढायचा नाही. लुआनला तसं सांगितलं. ती मटार सोलत होती, मान वर न करता म्हणाली, बरं. गेल्या वर्षीही ती 'बरं'च म्हणाली होती, पण यंदाच्या 'बरं'मध्ये विश्वास होता. माझे कान तिखट आहेत. जॅकवरची गाडी नुसती डोलली तरी कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो. इतकी वर्षं संसार केलेल्या बायकोच्या आवाजातला विश्वास मला कळणार नाही?

१६ मे, गुरुवार
आमचा खेळाडू आला. टीमला हॉटेल परवडत नाही, म्हणून गावातले लोक खेळाडूंना आपापल्या घरी वाटून घेतात. आमचं तळघर कॅचरला मिळालं, बॅटरमागे बसून चेंडू झेलतो त्याला. ड्युई टॅकेट, ओक्लाहोमाचा. दोन बॅगा आणि स्वतःची उशी.

ही वाटणी करणाऱ्या ओपल डंकल बाई दारातच थांबल्या आणि नियम सांगून गेल्या. खायला घाला, झोपू द्या, खेळ शिकवू नका. तिसरा नियम सांगताना त्या माझ्याकडे बघत होत्या. उन्हाने डोळे बारीक झाले असतील.

लुआनने जेवता जेवता त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. सत्तावीस वर्षांचा आहे. वडिलांचं गुरांच्या खुराकाचं दुकान आहे. त्यांच्याशी ठरलंय, यंदा शेवटची संधी. ऑगस्टपर्यंत बॅट चालली तर ठीक, नाहीतर घरी येऊन पोती उचलायची. कॅचिंग उत्तम आहे म्हणे, बॅटिंगचंच काहीतरी अडलंय.

म्हणजे पोरगा योग्य घरी आलाय.

१७ मे, शुक्रवार
हरलो. नऊ-दोन. अजिबात ओरडलो नाही. पाचव्या इनिंगमध्ये एकदा जरा स्पष्ट बोललो. शेजारच्या सीटवरचा गस विचोरेक म्हणाला, मर्ल, तुझं स्पष्ट बोलणं पार्किंगमध्ये दोन गाड्यांचे अलार्म वाजवून आलं. गस पोस्टातून रिटायर झालेला माणूस. त्याला अतिशयोक्तीची सवय आहे.

२७ मे, सोमवार
मेमोरियल डे. परेड छान झाली, हेरन्स हरले. ड्युईला एकही हिट नाही.

घरी येताना गाडीत मी त्याला फक्त विचारलं, उभा राहतोस तेव्हा पाय जरा जवळजवळ वाटत नाहीत का? हा प्रश्न झाला. ओपल बाईंनी प्रश्नांवर बंदी घातलेली नाही. तो म्हणाला, असेल सर. फार नम्र मुलगा. आणि आकलन दांडगं.

४ जून, मंगळवार
गॅरेजमध्ये त्याला पाय फाकवून कसं उभं राहायचं ते दाखवलं. बॅट तळघरात होती, म्हणून जॅकचा दांडा घेतला. लुआन स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, मर्ल, तू आंघोळीच्या टबातून बाहेर पडून टॉवेल शोधणाऱ्या माणसासारखा दिसतोयस. तिला बेसबॉलमधलं कळत नाही.

संध्याकाळी ड्युई तीनदा आउट. पण तिसऱ्या वेळी त्याचा फाउल बॉल स्टँडवरून उडून कुणाच्या तरी पिकअपची काच फोडून गेला. ताकद येतेय. आता फक्त दिशा बाकी.

१५ जून, शनिवार
टीममध्ये उलथापालथ. फर्स्ट बेसवाला सासऱ्याच्या छपरं दुरुस्त करण्याच्या धंद्यात गेला. म्हणाला, तिथे निदान वर तरी चढता येतं. शॉर्टस्टॉपला खेळणारा पोरगा एका टीमला दिला आणि त्या बदल्यात चेंडू फेकायचं मशीन घेतलं. आमच्या लीगमध्ये हे चालतं. मागे एक आउटफिल्डर गवत कापायच्या गाडीच्या बदल्यात गेला होता, आणि सीझनअखेरीस गाडीचं काम त्याच्यापेक्षा बरं निघालं.

गस म्हणतो, सध्या मशीन हाच आपला सर्वांत चांगला पिचर आहे, नियमात बसत नाही एवढंच.

मी मात्र खोलात गेलो. हेरन्सकडे एकही डावखुरा पिचर नाही. सगळे उजवे. समोरच्याला पहिल्या चेंडूपासून सवय होते. रोग सापडला. अर्धी गाडी दुरुस्त झाली.

२३ जून, रविवार
माझ्या टायरच्या दुकानाबाहेर हायवेकडे तोंड करून आमची अक्षरं बदलायची पाटी आहे. तिच्यावर होतं, 'जुने टायर आणा, नवे न्या.' आज शिडी लावून खाली दुसरी ओळ घातली, 'डावखुरा आणा, कोणालाही द्या.'

उतरून रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं. दोन्ही ओळी एकमेकींना शोभून दिसतात. मॅनेजर लॉनी स्प्रेग रोज याच रस्त्याने स्टेडियमला जातो. फोन न करता निरोप पोचवायचा याला डोकं लागतं.

४ जुलै, गुरुवार
पाटीवरचा शब्द गावाने उचलला. आज आतषबाजीच्या आधीची मॅच, स्टँड भरलेलं, आणि सातव्या इनिंगला सगळे उभे राहून पाय आपटत ओरडायला लागले, डाव-खु-रा, डाव-खु-रा. मी बसून होतो. ज्याने आग लावली त्याने फुंकर मारायची गरज नसते.

लॉनीने खेळाडू बसतात त्या डगआउटमधून माझ्याकडे बघून टोपीला हात लावला. लुआन म्हणते, तो माशी हाकलत होता.

हरलो. आतषबाजी चांगली होती.

१३ जुलै, शनिवार
ड्युईची बॅट अजून थंड. म्हणजे वरून थंड. आतून काम चालू आहे. पायांबरोबर आता कोपर वर, हनुवटी खाली आणि चेंडू निघताना श्वास सोडायचा, एवढंच सांगितलं. गस म्हणाला, त्या पोराला बॅट धरायला हात मोकळे ठेवलेस का? मी हसलो. मोठ्या कामाची थट्टा व्हायचीच.

पहाटे तळघरातून पावलं ऐकू येतात, भिंतीपासून भिंतीपर्यंत. पोरगा विचार करतोय. उत्तम लक्षण.

लॉनीने फोन उचलला नाही. म्हणजे संकल्प मोडला नाही. आन्सरिंग मशीनवर ठेवलेले निरोप फोनमध्ये धरत नाहीत.

२१ जुलै, रविवार
लुआनशी वाद. म्हणजे ती बोलली. म्हणाली, पाटीवर 'कोणालाही' लिहिलंयस, म्हणजे कोणाला?

मी म्हणालो, कोणालाही म्हणजे ते बाकीचे. सेकंड बेसवाला, तो लांब केसांचा, वगैरे.

ती म्हणाली, ड्युई रोज त्या पाटीखालून चालत जातो.

मी म्हणालो, ड्युईला कोण हात लावेल? आपल्या घरचा आहे तो. सगळ्या गावाला माहीत आहे.

ती म्हणाली, पाटीला माहीत नाही.

पाटीवर जागाच तेवढी आहे. धंद्यातल्या माणसाला हे कळतं, बायकांना वाटतं सगळं सविस्तर लिहिता येतं. तरी उद्या बघू, 'ड्युई सोडून' एवढं कोपऱ्यात बसतंय का.

२२ जुलै, सोमवार
बसलं नाही. 'नवे न्या' काढावं लागलं असतं.

२९ जुलै, सोमवार
विजय. दुपारी लॉनी स्वतः दुकानात आला. टायर बघायला नव्हे, मला भेटायला. टोपी हातात घेऊन म्हणाला, मर्ल, डावखुरा मिळाला, डॅनफर्थच्या मिलर्स टीमकडून. मी दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं. एकाने टाळ्या वाजवल्या. लॉनीला अजून काहीतरी बोलायचं होतं, पण मी त्याला थंड सोडा आणायला आत गेलो आणि बाहेर आलो तोवर तो निघून गेला होता. लाजाळू माणूस. आभार मानायला आला असणार.

घरी आलो. तळघराचं दार उघडं. लुआन पलंगावर शर्टांच्या घड्या घालत होती आणि ड्युई बॅग भरत होता.

ड्युई टॅकेट आणि 'ज्याचं नाव नंतर ठरेल असा एक खेळाडू', असे दोघे बदल्यात डॅनफर्थला.

ड्युईने हात पुढे केला. म्हणाला, सगळ्याबद्दल आभार, सर. घरी आणि घराबाहेर. मी म्हणालो, कोपर वर ठेव. तो म्हणाला, हो सर. लुआनने त्याला सँडविचेस दिली, सहा तरी असतील. डॅनफर्थ पाऊण तासावर आहे.

त्याची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, अभिनंदन.

३० जुलै, मंगळवार
नीट विचार केला. घडलं ते चांगलंच. मीच एक प्रकारे हे घडवून आणलं. रोप एका जागी लावतात आणि दुसऱ्या जागी उपटून नेतात, तेव्हाच ते जोर धरतं. इथे त्याच्यावर अपेक्षांचं ओझं होतं. कुणाच्या ते सांगता येणार नाही, वातावरणातच होतं.

तळघर रिकामं, म्हणून ओपल बाईंनी डावखुरा आमच्याकडेच पाठवला. ब्रॅडली क्रम्प. बोलतो कमी. उकडलेली कोंबडी आणि वजन करून घेतलेला भात एवढंच खातो. लुआनचा मीटलोफ त्याने बाजूला सारला, तेव्हा तिने बशी उचलून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, घे, तू मागवलायस.

३ ऑगस्ट, शनिवार
क्रम्प पहिल्यांदा खेळला. दुसऱ्या इनिंगमध्येच बाहेर. गस म्हणाला, पोराचा डावा हात छान आहे, फक्त चेंडू उजव्याने टाकायला हवा.

उद्यापासून क्रम्पशी जरा बोलायला हवं. चेंडू टाकताना त्याचा खांदा लवकर उघडतो.

६ ऑगस्ट, मंगळवार
पेपरात डॅनफर्थचे आकडे बघितले. ड्युई रोज हिट मारतोय. काल एक होम रन.

बी माझं, पीक त्यांचं. चालायचंच. दुकानात दोघातिघांना पेपर दाखवला. पाय फाकवण्याची गोष्ट सांगितली. एक म्हातारा टायर बदलून होईपर्यंत ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, मग आपल्याकडे असताना का नाही मारल्या? मी म्हणालो, द्राक्षांचा रस लगेच वाइन होत नाही. हे त्याला पटलं. निदान तो गेला.

क्रम्पला खांद्याचं सांगितलं. त्याने कानातलं गाणं ऐकायचं बटण काढलं, म्हणाला काय? आणि मी पुन्हा सांगेपर्यंत परत घातलं.

११ ऑगस्ट, रविवार
मिलर्स आमच्याकडे खेळायला आले. दुपारची मॅच. आमचा पिचर क्रम्प.

ड्युई बॅट घेऊन आला. मी गसला म्हणालो, बघ आता पाय. पाय जवळजवळ होते. कोपर खाली. हनुवटी कुठे होती कुणास ठाऊक, वर होती बहुतेक. गस काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला ऐकू येतं.

सातव्या इनिंगला त्यांचे दोन जण बेसवर, आम्ही एका रनने पुढे. क्रम्पने चेंडू टाकला आणि तो आवाज झाला. बॅटच्या बरोबर मध्यावर बसलेल्या चेंडूचा आवाज. बघायची गरज नसते त्याला. तो चेंडू कुंपणाला जाऊन आदळेपर्यंत, ते दोघे होम बेसवर पोचून रन काढेपर्यंत आणि ड्युई दुसऱ्या बेसवर घसरत जाऊन थांबेपर्यंत अख्खं स्टँड गप्प होतं. एकच माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. गसने माझा शर्ट खाली ओढला. म्हणाला, बस रे, ते आपलं नाही आता.

हरलो.

लुआनने ड्युईला जेवायला बोलावलं होतं. मला न विचारता. तो स्वतःच्या गाडीने आला, थोडा जाड झालाय. क्रम्प समोर बसून आपली कोंबडी खात होता. ड्युईने त्याला म्हटलं, आजचा चेंडू खरं तर चांगला टाकला होतास. क्रम्प पहिल्यांदा हसला. मला वाटतं या घरात पहिल्यांदाच.

मी विचारलं, डॅनफर्थला राहतोस कुठे? म्हणाला, दोन म्हाताऱ्या बहिणी आहेत, त्यांच्याकडे. त्यांना बेसबॉल अजिबात कळत नाही. मी मॅच खेळून आलो की विचारतात, भूक लागली का. झोप मस्त लागते.

लुआनने मला पाणी हवं का विचारलं. मी काही मागितलं नव्हतं.

जेवण झाल्यावर ड्युईने वडिलांना फोन लावला. मागच्या पॅसेजमध्ये उभा राहून. मी बश्या गोळा करत होतो, पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. म्हणजे मला माहीत आहेत. तो म्हणाला, बाबा, दुकानात यंदा दुसरा माणूस बघा, मिलर्सनी पुढच्या वर्षासाठीही मला ठेवून घेतलंय. पलीकडून म्हातारा एवढ्या जोराने हसला की मलाही ऐकू आलं. मग बहुतेक त्याने विचारलं, अचानक हे जमलं कसं? कुणी दुरुस्त केलं?

मी बश्या हातातच धरून उभा राहिलो. भांड्याचा आवाज होऊ दिला नाही.

ड्युई म्हणाला, काही नाही बाबा, तिथे डॅनफर्थला मला कुणी काही सांगतच नाही.

थोडा थांबला. मला वाटलं, आता माझं नाव येईल. निदान पायांचं तरी.

पुढचं वाक्य जेवणानंतरच्या पीच पायबद्दल होतं. ती लुआनने केली होती.