तिसरी पिन

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो बाई एकदाच्या. जागा इतकी मनासारखी मिळाली की मला चहासुद्धा गोड लागला, आणि तो सुनेने केला होता. वर आमची खोली, खाली त्याचं दुकान. लोखंडी जिना बाहेरून आहे आणि पाय ठेवताच असा खणखणतो की चोरानेही आधी कळवून यावं. खोलीत एक खिडकी, कोपऱ्यात नळ, भिंतीला लागून टेबल. दोघींना पुरे.

मी सांगते, सून लिहिते. मला अक्षर ओळखता येत नाही, पण तिचं लबाडपण ओळखता येतं. तिच्याबद्दल बरं काही सांगितलं की तिचं अक्षर मुंगीएवढं होतं. आत्ताच झालं बघा.

आता कशाला आलो ते. खालचा मिस्त्री गिटारींचे अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, विकतोही. माझा नातू, म्हणजे हिचा मुलगा, त्याच्यामुळे गेला. नातू बेस गिटार वाजवायचा, ती जाड तारांची. बोलायचाही तसाच पोटातून, म्हणून घरात त्याला खर्ज्या म्हणायचे. त्याच्याकडे कॉम्बो होता, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत. त्यातून सारखा घूं असा आवाज यायचा. मिस्त्रीकडे नेला. दोष शोधायचा तर पेटी उघडून बसावं लागलं असतं. त्याने पक्कड घेतली आणि प्लगची तिसरी पिन, ती अर्थिंगची जाडी, चुकार करंट जमिनीत नेणारी, मोडून टाकली. घूं बंद. खर्ज्या नाचत घरी आला. पुढच्याच कार्यक्रमात त्याचा हात तारांवर होता, ओठ माइकला लागले आणि पेटीतला करंट त्याच्या अंगातून गेला. चौकशीत मिस्त्रीने हात झटकले. म्हणे, स्टेजचं वायरिंग खराब होतं. सुटला.

त्याने आमची तोंडं कधी पाहिलेली नाहीत. पेटी आणि गिटार चादरीत गुंडाळून आणली आहे. पेटी त्याच्याच टेबलावर ठेवायची आणि त्याच्याच तोंडून कबूल करून घ्यायचं. मग तो मेला तरी चालेल. लिही सूनबाई, खोडू नकोस.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळभर दुकानात खुर्ची टाकून बसले. मिस्त्रीला मी आवडले. म्हणाला, आजी, तुम्ही बसलात की दुकान भरल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, मी जाडी आहे ते असं गोड करून सांगायची गरज नाही. खो खो हसला. हसरा आहे मेला. चेहऱ्यावरून कुणी म्हणणार नाही.

दुकान लांबट आहे. दोन्ही भिंतींना काळ्या पेट्या उभ्या, समोर जाळ्या. त्याच्याकडे चकचकीत स्टिकरांची गुंडाळी असते. साठ वॅटची पेटी पुसतो आणि तिच्यावर चारशेचा स्टिकर चिकटवतो, अगदी प्रेमाने, बाळाला टिकली लावावी तसा. मी विचारलं, हे कसं रे? तर म्हणाला, आजी, क्षणभर एवढी ताकद येते हो तिच्यात, पापणी लवेपर्यंत. मी म्हटलं, मग क्षणभर मीही सोळा वर्षांची असते, लाव मलाही एक स्टिकर. त्याने खरंच माझ्या बाहीवर लावला.

पेटी तपासायची त्याची रीत बघितली. वायरचं टोक अंगठ्याने दाबतो, पेटी घूं करते, म्हणजे जिवंत आहे. मग गिटार जोडतो. मोकळी असली की ती घूं घूं करते आणि तारांवर हात ठेवला की गप्प. रडणारं पोर कडेवर घेतलं की होतं तसं. खर्ज्याही हेच दाखवायचा. ठेव हात, आजी, बघ कशी गप्प बसते.

वर आल्यावर सुनेला हे सांगितलं. तिने बाहीवरचा स्टिकर ओरबाडून काढला. बाही फाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज दोघींनी खाली जाऊन पेटी दिली. चादर काढताना मी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. रंग उडेल, हात थरथरतील, असं काय काय ठरवून ठेवलं होतं मी. काही नाही. प्लग उचलला, मोडकी पिन बघितली आणि म्हणाला, हे कुठल्या गाढवाने केलं? अहो ताई, अशाने माणूस जातो!

त्याला आठवतसुद्धा नाही. इतक्यांच्या पिना मोडल्या आहेत त्याने की आमची लक्षातच राहिली नाही. सून दाराची चौकट धरून उभी राहिली. मी आयुष्यात खूप रागावले आहे, पण आजचा राग वेगळा होता. थंड होता.

मग त्याने पेटी सुरू केली. आधी फक्त तीच वाजली, घूं. मग शेजारची. मग भिंतीकडेच्या सगळ्या, ज्यांच्या वायरी गुंडाळून वर ठेवल्या होत्या त्यासुद्धा. माझ्या दातांच्या कवळीत तो आवाज भरला. मिस्त्री बटणं बंद करत धावत सुटला. बंद केलेल्याही वाजत राहिल्या.

आणि एकदम सगळ्या गप्प. कुणीतरी तारांवर हात ठेवावा तशा.

गिटार वर आमच्या खोलीत होती. वर गेलो तर तिच्या तारा हलत होत्या. सून म्हणाली, आई, आला तो. मी म्हटलं, उशीर करायची सवयच होती त्याला. दोघी हसलो. किती दिवसांनी हसलो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खर्ज्याने काम हातात घेतलं आहे, आणि माझ्यापेक्षा डोकं जास्त आहे त्याला. स्टिकरवर जो आकडा लिहिला आहे तेवढीच ताकद पेटी द्यायला लागली आहे. क्षणभर नाही, चांगली दम धरून. साठ वॅटच्या पेटीतून चारशे! आतल्या स्पीकरचा कागद टराटरा फाटतो, जाळी उडते, तारा जळल्याचा वास येतो. गिऱ्हाइकं पेट्या परत आणून त्याच्या अंगावर ओरडतात. एकाच्या खिडकीच्या काचा गेल्या. मिस्त्री म्हणतो, अहो असं होऊच शकत नाही, ही फक्त साठची आहे! चार माणसांदेखत म्हणाला. मी खुर्चीत बसून ऐकलं. माझा चहा गार झाला, पण पोट भरलं.

तो आता हसत नाही. स्टिकर खरवडत बसतो. ते निघत नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्री एका मोठ्या पेटीत मागून डोकं घालून बघत होता. वायर जोडलेली नव्हती, मी स्वतः पाहिलं. पेटीने एकच सूर लावला, खालचा, खर्ज्याचा. सगळे चारशे.

डोकं बाहेर काढलं तेव्हा दोन्ही कानांतून रक्त येत होतं. तो माझ्याकडे बघून तोंड हलवत राहिला. स्वतःचा आवाज ऐकू येतोय का ते बघत होता.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ठार बहिरा झाला आहे. तरी म्हणतो, घूं येतोय. पायांतून येतोय. चपला काढून अनवाणी हिंडतो, कुठल्या पेटीतून येतोय ते तळव्यांनी शोधतो. बहिऱ्यासारखा ओरडून बोलतो, रस्त्यावरचे वळून बघतात.

पक्कड घेऊन दोनचार पेट्यांच्या पिना मोडल्या. जुनी खोड. घूं गेला नाही. मग घराबाहेर गेला आणि भिंतीवरून जमिनीत जाणारी अर्थिंगची पट्टीच कापली. सगळ्या घराची. मी खिडकीतून ओरडले. मी! त्याचा जीव वाचवायला! पण त्याला ऐकू कुठे येतं?

सून म्हणाली, आता चुकार करंट जमिनीत जाणार नाही. पट्टी जिन्याला बांधली आहे, नळाला बांधली आहे. तिथेच साचेल. खर्ज्या गेल्यावर हे सगळं ती शिकून घेत होती. कुणासाठी, ते मी विचारलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नळाला हात लावला तर मुंग्या आल्या. मी म्हटलं, सूनबाई, चल, झालं आपलं. ती म्हणाली, कुठे झालं? त्याला अजून कळलं नाही आपण कोण ते.

खरं होतं. मी सांगावं तर तो बहिरा. लिहावं तर मला येत नाही. मग तिनेच लिहिलं, त्याच्याच एका स्टिकरवर, मोठ्या अक्षरांत, आणि दुपारी जाऊन त्याच्या तळहातावर चिकटवलं. काय लिहिलं ते विचारलं. म्हणाली, खर्ज्याची आई. पिन तू मोडलीस.

तो वाचत राहिला. मग खाली बसला. त्याला आठवलं. मी बघितलं त्याला आठवताना.

यासाठीच आलो होतो. मग जायला काय हरकत होती? सून म्हणते, उद्या. पेटी आणि गिटार इथे ठेवून ती येणार नाही. रविवारी गाडी मिळेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

मिस्त्रीने स्वतःच पेटी वर आणून दिली. अनवाणी. दारात ठेवली, हात जोडले, ओरडून म्हणाला, माझं चुकलं, ताई, माझं चुकलं, त्याला सांगा, मला सोड म्हणावं. सून म्हणाली, तूच सांग त्याला. त्याला ऐकू आलं नाही.

उतरला. कुणीतरी खालची फरशी नुकतीच धुतली होती. शेवटच्या पायरीवरून ओल्यात पाय ठेवला आणि तोल गेला म्हणून कठडा धरला.

सोडता आला नाही.

त्याचं तोंड तेवढं हलत होतं. मग तेही नाही. लोक लांब उभे आहेत. मेन बंद केलं म्हणतात. पण जिना अजून जिवंत—

१६, संध्याकाळ

आम्ही वरच. उतरायला जिना तोच. वीज नाही. गल्लीभर नाही. तरी पेटी—

सुनेने प्लग लावला. गिटार जोडली. मी झोपले होते क्षणभर. वीज नाही ना, मग काय होतंय, म्हणते.

घूं. मग गप्प. परत घूं. तो हात ठेवतोय आणि उचलतोय. कुणीतरी दार वाजवावं तसा.

खर्ज्या, पुरे रे. गेला तो मिस्त्री. झालं तुझं. ऐकतोस ना?

ऐकत नाही. राग माझ्याकडूनच घेतलाय—

ती म्हणते, आई, तो बोलावतोय, एकदाच हात ठेवते. मी म्हटलं, आधी लिही. हात कागदावर आहे तोवर तारांवर जाणार नाही. म्हणून बोलतेय. काहीही. खिडकी. खुर्ची. फाटकी बाही. तू चहा चांगला करतेस. पहिल्यापासून चांगला करतेस. लिही ना, बारीक लिही हवं तर—

रडतेस काय. माझ्याकडे बघ. तिकडे नको. तो तुझा आहे गं, पण त्याला आता कोण आपलं आणि कोण—

मला तू एकटीच उरलीस. हेही लिही.

घूं वाढला. सूनबाई, बस खाली. पेन ठेवू न